चौदा मिनिटांचा थांबा

१

आर्सेनियो दुमालागला उचलून नेलं ते गुरुवारी, सकाळी सहाच्या सुमाराला. पाहोच्या धक्क्याला त्याच्या मामाची होडी लागली, त्याने एक पाय फळीवर ठेवला, आणि बर्फाच्या कारखान्यामागून चार माणसं धावत आली. मामाने वल्हं उगारलं, तर त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. पाण्यात पडलेला मामा वर येईपर्यंत गाडी निघून गेली होती. गाडीला नंबर नव्हता.

मला हे कळलं साडेनऊला. मी अंगणात तांदूळ निवडत बसले होते. फाटकाशी गाडी थांबली आणि सेनेटर ओलिंपिया कतालबास एकटीच खाली उतरली. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक अठरा दिवसांवर, देशभर हिचे फलक, आणि ही माझ्या अंगणात केससुद्धा न विंचरता उभी.

"मानांग सिसिंग," ती थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली, "तुमची वही-पेन्सिल अजून आहे ना?"

मी इलोइलोच्या कोर्टात एकतीस वर्षं लघुलेखिका होते. साक्षीदार बोलायचे, मी वहीत रेघोट्या ओढायचे, आणि त्या रेघोट्यांवरून माणसं तुरुंगात जायची नाहीतर घरी जायची. ओलिंग, म्हणजे हीच सेनेटर, तेव्हा नवी वकील होती, फार भरभर बोलायची. "इंदाय, पोरी, माझा हात तुटेल," असं मी तिला भर कोर्टात सुनावलं होतं. आता ती एकसष्टची आहे, मी सदुसष्टची, आणि तिला 'हळू बोल' म्हणणारं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

पायरीवर बसून तिने सगळं सांगितलं. आर्सेनियो सहा वर्षं राजधानीतल्या एका सरकारी कचेरीत कानाला यंत्र लावून बसत होता. लोकांचे फोन ऐकायचे आणि उतरवून काढायचे, हे त्याचं काम. शिक्षक, पाद्री, कामगार पुढारी, दोन न्यायाधीश. कोणत्याही कोर्टाचा हुकूम नाही. जानेवारीत त्याने नोकरी सोडली, समोरच्या गिमारास बेटावर मामाकडे लपला आणि ओलिंगला निरोप पाठवला. कोर्टाच्या हुकुमाशिवाय सरकारने कोणाच्या बोलण्याला कान लावायचा नाही, या एका मुद्द्यावर ती निवडणूक लढवत होती. बाईला भास होतात, असं विरोधक म्हणायचे. शुक्रवारी संध्याकाळी हारोच्या चौकातल्या सभेत आर्सेनियो स्वतः बोलणार होता.

"तो कुठे उतरणार, हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"मंगळवारच्या बैठकीत ठरलं होतं, शहरातला मोठा धक्का, सकाळी दहा. ते बऱ्याच जणांनी ऐकलं. बुधवारी दुपारी माझ्या मनाने घेतलं की इतक्या कानांवर जायला नको होतं. मी एकटीने जागा बदलली आणि वेळही. पाहो, सकाळी सहा."

"आणि सांगितलंस कोणाला?"

तिने फाटकाकडे पाहिलं. फाटकाबाहेर तिबो गाडीची काच पुसत होता. वीस वर्षं तिची गाडी चालवणारा तिबो.

"फक्त त्याला," ओलिंग म्हणाली.

२

प्रचाराची कचेरी ला पाझमध्ये, बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात होती. आम्ही पोचलो तेव्हा आत दोघंच होती, बाकीच्यांना घरी पाठवलं होतं. एक व्हिसेंते पारेन्यो, प्रचाराचा सूत्रधार, ओलिंगबरोबर तीस वर्षं वकिली केलेला. दुसरी तिची भाची चेलो, सव्वीस वर्षांची, तिची चिटणीस. डोळे रडून लाल झालेले, पण जीभ शाबूत.

"तिया, सगळ्यांचे फोन टेबलावर ठेवून घे," चेलो मावशीला म्हणाली. "कोणी कोणाला काय कळवलं, अर्ध्या तासात दिसेल."

"मी तेच म्हणतोय," पारेन्यो म्हणाला. "तिबोपासून सुरुवात करू."

"नाही," ओलिंग म्हणाली.

"ओलिंग, एक माणूस कुठेतरी मार खातोय."

"माहीत आहे मला. तरीही नाही. तीन वर्षं मी ज्याच्याविरुद्ध गावोगाव बोलते आहे, तेच माझ्या कचेरीत सुरू करू? आज तिबोचा फोन, उद्या चेलोचा. मग माझ्यात आणि त्यांच्यात काय फरक राहिला?"

"मग शोधणार कसं?" चेलोने विचारलं. "पत्ते पिसून?"

"विचारून. मानांग प्रत्येकाशी बोलतील. ज्याचं त्याच्या समोर लिहून घेतील, त्यालाच वाचून दाखवतील. नको वाटेल ते त्याने खोडावं. कबूल असेल तर सही करावी."

पारेन्यो माझ्याकडे बघून हसला. "मानांग, एवढी सोय तर कोर्टातही नसते."

"म्हणून तर कोर्टात इतकं खोटं बोलतात, वकीलसाहेब," मी म्हटलं.

वरवर थट्टा चालली होती, पण मी मनात दिवस मोजत होते. असा माणूस नेला की पहिले दोन-तीन दिवस काय ते महत्त्वाचे. त्यानंतर मिळालेली माणसं मी माझ्या कारकिर्दीत फक्त फोटोत पाहिली आहेत, पुरावा म्हणून कागदाला टाचलेल्या.

३

तिबोला मी समोरच्या बाचोयच्या दुकानात नेलं. शेवयांचा वाडगा समोर वाफाळत होता, त्याने चमच्याला हात लावला नाही.

"बुधवारी तू पाहोला कशाला गेलास?"

"पाब्लिंगमामाला निरोप द्यायला. आर्सेनियोचा मामा. तो दुपारी तिथे मासळी विकतो. फोन करायचा नाही असं सेनेटरबाईंनी बजावलं होतं. मी जाऊन कानात सांगितलं, उद्या सहा वाजता इथेच आण."

"किती वेळ थांबलास?"

"किती म्हणजे... एक सिगारेट ओढली. मामाशी दोन शब्द बोललो. मासे घेतले, उगाच कोणाला शंका नको म्हणून."

"दहा मिनिटं? अर्धा तास?"

"घड्याळ कोण बघतंय, मानांग. ऊन नारळांच्या शेंड्यावर होतं तेव्हा पोचलो, निघालो तेव्हाही तिथेच होतं."

"कोणी ओळखीचं दिसलं?"

"दोन कुत्री. बर्फाच्या कारखान्याचा पहारेकरी, तो खुर्चीत झोपलेला."

"नंतर कोणाशी बोललास?"

"बायकोशीसुद्धा नाही. मासे इथल्याच बाजारातले म्हणून सांगितलं. ती म्हणाली, शिळे आहेत, तुला माशातलं कळत नाही." तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. "आज तिच्या भाजीच्या गाळ्यावर गिऱ्हाईक फिरकलं नाही. चार तासांत अख्ख्या बाजाराला कळलं. चेलोने मला सकाळी कॉफी विचारली नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा."

"आज सकाळी तू कुठे होतास?"

"धक्क्याजवळच्या चॅपेलपाशी गाडीत, ठरल्याप्रमाणे. ओरडा ऐकून धावलो तेव्हा सगळं उरकलं होतं."

मी त्याचं त्याला वाचून दाखवलं. त्याने एक शब्द खोडला नाही. सही करताना नावातली दोन अक्षरं एकमेकांवर बसली.

"मी नाही सांगितलं, मानांग. पण माझ्याशिवाय कोणाला माहीतच नव्हतं. तुमच्या जागी मी असतो, तर मीही मलाच धरलं असतं."

४

चेलो बोलायला बसली ती भांडायच्या तयारीनेच. "आधीच सांगते. माझं लग्न ठरलंय तो मुलगा पोलिसात आहे, रोहासला. तुम्हाला कोणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगते."

"त्याला काही बोललीस?"

"काय बोलणार? पाहो कुठे येतं ते मला आज कळलं. मला दहा वाजताचं माहीत होतं. मी मोठ्या धक्क्यावर फुलं घेऊन जाणार होते, वेड्यासारखी."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला सावरू दिलं. मग सहज विचारलं, प्रचार सुरू झाल्यापासून कचेरीत काही नवीन, काही वेगळं झालं का.

"वेगळं म्हणजे? रोज दोन वेळा भात आणि वांगी, हेच वेगळं. आणि माझा फोन बिघडलाय. दुपारपर्यंत बॅटरी संपते, नुसता खिशात असला तरी तापतो. तिबोचापण तसाच."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून असेल. वकीलसाहेबांनी सगळ्यांचे फोन एका दुपारपुरते घेतले होते, प्रचाराचा ग्रुप टाकून देतो म्हणून. तेव्हाच काहीतरी बिनसलं."

हे मी लिहून घेतलं. तिने वाचलं. "बॅटरीचं कशाला लिहिलंत?" असं म्हणाली, पण खोडलं नाही.

पारेन्यो शेवटी आला. त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या, खुर्ची माझ्याजवळ ओढली. दमलेला होता, आणि खरोखर संतापलेला होता. माणूस नाटक करतो तेव्हा आवाज चढतो, याचा आवाज खाली गेला होता.

"मानांग, मला तिबोचं वाईट वाटतं. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून मी उभा होतो. पण डोळे झाकून कसं चालेल? बुधवारी तो इथून निघाला, लेगानेस ओलांडून ईशान्येला वळला, पाहोला चौदा मिनिटं थांबला आणि आला त्याच रस्त्याने परतला. चौदा मिनिटांत माणूस कोणालाही भेटू शकतो."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"लोकांनी पाहिलं. गाडी ओळखीची आहे."

"आणि आर्सेनियो पाहोला उतरणार, हे तुम्हाला कधी कळलं?"

"आज सकाळी. ओलिंगचा फोन आला तेव्हा. मी मोठ्या धक्क्यावर जायला कपडे करत होतो."

हे खरं होतं. एकतीस वर्षांनंतर तेवढं कानाला कळतं. मी वाचून दाखवलं, त्याने झोकात सही केली. वही मिटताना माझी नजर मधल्या एका ओळीवर अडली. का अडली, ते त्या क्षणी मला सांगता आलं नसतं.

५

शुक्रवारी सकाळी मी इस्पितळात गेले. पाब्लिंगमामाच्या छातीला पट्टे बांधले होते, त्याला धड श्वास घेता येत नव्हता.

"त्यांच्याकडे फोटो होता," तो म्हणाला. "एकाने विचारलं, हाच का? दुसरा म्हणाला, हाच. मग मारलं." त्याने छातीवरचा पट्टा चाचपला. "त्याची आई गेली तेव्हा मी तिला शब्द दिला होता. पोराला सांभाळीन म्हणून."

"मानोंग," मी थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हटलं, "ते तुमच्या आधी कधी आले होते?"

"मला काय ठाऊक. आम्ही आलो तेव्हा धक्का रिकामा होता."

मग मी पाहोला गेले. बर्फाच्या कारखान्याचा पहारेकरी जागा होता आणि घाबरलेला होता. मी नातवंडांसाठी मासे विकत घ्यायला आलेल्या बाईसारखी बोलत राहिले. उन्हाळा किती, बर्फाला मागणी किती. मग म्हटलं, काल इथे काही दंगा झाला म्हणे.

"दंगा नाही, बाई. चार माणसं होती. बुधवारी दिवे लागायच्या वेळेला आली ती आलीच. रात्रभर गाडीत. मच्छरांनी फोडून काढलं त्यांना, माझ्याकडून दोनदा उदबत्ती नेली."

"रात्रभर? कोणाची वाट बघत होते?"

"तेच त्यांना माहीत नसावं. मला विचारत होते, पलीकडून होड्या केव्हा केव्हा येतात. मी म्हटलं, पहाटे चारपासून दुपारपर्यंत, कधीही. हे ऐकून त्यांच्यातला थोरला शिवी हासडून म्हणाला, म्हणजे बसा आता. चारपासून प्रत्येक होडीवर बॅटरीचा झोत मारत होते."

मी बर्फाच्या लादीवर हात टेकला. लादी थंडगार होती.

त्या माणसांना जागा माहीत होती. वेळ माहीत नव्हती.

तिबोला दोन्ही माहीत होतं. मामालाही. दोघांपैकी कोणीही विकलं असतं, तर 'पाहो, सकाळी सहा' असंच विकलं असतं, आणि चार धडधाकट माणसं मच्छरांत रात्र काढायला बसली नसती. ज्याने खबर दिली त्याला कुठे एवढंच ठाऊक होतं. कधी, ते ठाऊक नव्हतं.

असं कोण असतं, ज्याला माणूस कुठे उभा आहे ते दिसतं, पण त्याने कानात काय सांगितलं ते ऐकू येत नाही?

मी रिक्षात बसून वही उघडली आणि काल अडलेली ओळ पुन्हा वाचली. मग रिक्षावाल्याला म्हटलं, जरा जोरात घे.

६

दुपारी बारा वाजता सगळे कचेरीत जमले. सभा पाचला होती. तिबो दाराशी उभा राहिला, आत खुर्ची असून बसला नाही.

मी पहारेकऱ्याचं सांगितलं. जागा आणि वेळ यांतला फरक सांगितला. चेलोने तिबोकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मग कोण?" ओलिंगने विचारलं.

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "तुमचं म्हणणं पुन्हा वाचते. 'लेगानेस ओलांडून ईशान्येला वळला, पाहोला चौदा मिनिटं थांबला.' तुमचा जन्म कुठला?"

"हारोचा. सगळ्यांना माहीत आहे."

"मीही इथलीच. आपण रस्ता सांगतो तेव्हा म्हणतो, समुद्राकडे वळ, चर्चमागे वळ, दुमांगासकडे जा. ईशान्य कोणी म्हणतं? माझ्या आयुष्यात मी हा शब्द इथल्या माणसाच्या तोंडून कोर्टात दोनदा ऐकला, दोन्ही वेळा तो जमीनमोजणी करणारा होता. त्याच्यापुढे नकाशा होता."

पारेन्योने हातातलं पेन खाली ठेवलं.

"आणि चौदा मिनिटं. जो तिथे उभा होता त्या तिबोला किती वेळ थांबलो ते सांगता आलं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याने गाडी पाहिली असती तर म्हणाला असता, होती बुवा थोडा वेळ. गाडी आली कधी आणि गेली कधी, दोन्ही मोजत तिथे कोण उभं होतं? दोन कुत्री आणि एक झोपलेला पहारेकरी." मी वही मिटली. "फेब्रुवारीत तुम्ही सगळ्यांचे फोन एका दुपारपुरते घेतलेत. तेव्हापासून ते खिशात तापतात. वकीलसाहेब, त्यात काय टाकलंत?"

पारेन्योने चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"कोण कुठे जातं ते कळावं म्हणून," तो म्हणाला. "बस तेवढंच. बोलणं नाही ऐकलं मी कोणाचं. ओलिंग, गेल्या निवडणुकीत आपलाच माणूस फुटला होता, आठवतं? मला पुन्हा तसं होऊ द्यायचं नव्हतं. राजधानीतल्या एका कंपनीकडून घेतलं. बुधवारी ओतोनच्या सभेहून आल्यावर तिबोचा रस्ता पाहिला. म्हटलं, गेला असेल मासे आणायला. काल ते घडल्यावर मला वाटलं, यानेच..." त्याने तिबोकडे बघायचा प्रयत्न केला. "मला खरंच वाटलं, यानेच."

"माझासुद्धा फोन?" ओलिंगने विचारलं.

त्याने नुसती मान डोलावली. ते उत्तर पुरेसं होतं.

"म्हणजे तुम्ही कळवलंत?" चेलो म्हणाली.

"मी? मी कशाला कळवीन?"

"नाही कळवलं त्यांनी," मी म्हटलं. "पण यांनी एक खिडकी उघडून ठेवली. खिडकीतून दुसरं कोण बघतंय, ते बघायचं सुचलं नाही. वकीलसाहेब, तुमच्या नावाने ते यंत्र केव्हा केव्हा उघडलं गेलं, त्याची नोंद असते का?"

त्याने संगणक स्वतःच उघडला. बोटं चुकत होती, पासवर्ड तीनदा टाकावा लागला. मग त्याने पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. बुधवारी, दुपारी चार वाजून पन्नास मिनिटांनी त्याच्या नावाने कोणीतरी तिबोचा रस्ता पाहिला होता. त्या वेळी पारेन्यो ओतोनमध्ये होता, हजारो लोकांसमोर, व्यासपीठावर, ओलिंगच्या उजव्या हाताला.

मागे मागे जाऊन पाहिलं. महिनाभर रोज कोणीतरी बघत होतं. गिमारासच्या होड्या लागतात त्या धक्क्यावर सेनेटरची गाडी थांबली, तेवढ्यावरून त्यांनी अंदाज बांधला होता.

७

"यावर कोर्टात अर्ज करता येतो," ओलिंग म्हणाली. "माणूस हजर करा म्हणून. आजवर ते म्हणत आले, आम्हाला ठाऊकच नाही हा कोण. ही नोंद दाखवली की कंपनीला सांगावं लागेल, दुसरी किल्ली कोणाला दिली."

"आणि नोंद दाखवायची म्हणजे," पारेन्यो म्हणाला, "आपण आपल्याच माणसांवर पाळत ठेवली, हे शपथेवर लिहून द्यायचं. सतरा दिवस राहिलेत. पहिल्या दोघांत आहेस तू. हा कागद कोर्टात गेला की संपलीस. निवडून ये, मग पहिल्या दिवशी हुकूम काढ आणि सोडव त्याला."

"सतरा दिवस तो जगेल?"

"कदाचित."

"व्हिसेंते, तू त्याच्या मामाला जाऊन हे 'कदाचित' सांगशील?"

तो उठला आणि बाहेर गेला. त्या यंत्राचं खातं त्याच्या नावावर होतं. त्याच्या सहीशिवाय अर्जात दम नव्हता, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. तिबो दाराशी जरा बाजूला सरकला, वकिलाला वाट द्यायला.

तीन वाजता पारेन्यो परत आला. हाताने लिहिलेली चार पानं, प्रत्येक पानावर सही. "वकिलीची सनद जाईल बहुतेक," एवढंच म्हणाला. मग तिबोसमोर उभा राहिला. "मानोंग तिबो," तो म्हणाला. तिबो त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, पारेन्योने त्याला कधी मानोंग म्हटलं नव्हतं. तिबोने मान हलवली. माफ केलं असं काही मला त्यात दिसलं नाही.

हारोच्या चौकात त्या संध्याकाळी वीस हजार माणसं असतील. ओलिंगने लिहिलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि घडलं ते सगळं सांगितलं, मंद आवाजात, एकेक वाक्य सुटं करून. माझ्या घरात माझ्या माणसांवर पाळत होती, असं ती म्हणाली. मला माहीत नव्हतं, पण घर माझं होतं. टाळ्या झाल्या नाहीत. पुढच्या रांगेतली एक बाई हातातला कागदी झेंडा गुंडाळून उठून गेली, तिच्यामागून बरेच गेले. ओलिंग ते जात असताना बघत होती, पण थांबली नाही. आर्सेनियोचं पूर्ण नाव तिने तीन वेळा उच्चारलं आणि लोकांनाही उच्चारायला लावलं. "आता त्याला नाहीसं करणं अवघड आहे," ती म्हणाली.

सोमवारी अर्ज दाखल झाला. मंगळवारी सरकारी वकील म्हणाला, असा इसम आमच्याकडे नाही. बुधवारी न्यायाधीशबाईंनी कंपनीच्या माणसाला उभं केलं, आणि तो अर्ध्या तासात फुटला. दुसरी किल्ली आर्सेनियोच्या जुन्या सरकारी कचेरीने मागितली होती, त्याने दिली होती, तसं पत्रही होतं. शुक्रवारी आर्सेनियोला कोर्टात आणलं. एका डोळ्याची पापणी सुजून बंद, पायात दुसऱ्याच कोणाचे मोठे बूट. न्यायाधीशबाईंनी नाव विचारलं. सहा वर्षं दुसऱ्यांचं बोलणं उतरवून काढणाऱ्या त्या माणसाला आपलं नाव सांगायला तीनदा घसा खाकरावा लागला. मागच्या बाकावर पाब्लिंगमामा बरगड्या धरून रडत होता.

ओलिंग तिसरी आली.

८

निकालानंतरच्या रविवारी आम्ही तिच्या मोलोच्या घरी जेवायला बसलो होतो. ओलिंग, चेलो, तिबो, त्याची बायको आणि मी. तिबोची बायको माशांबद्दल अजून बोलत होती. तेवढ्यात आर्सेनियो आला. बरोबर कोर्टाने दिलेला एक शिपाई होता. तो दाराबाहेर राहिला.

आर्सेनियोने जेवायला नकार दिला. "ज्यांचं ज्यांचं ऐकलं, त्या सगळ्यांना भेटून सांगायचं ठरवलंय," तो ओलिंगला म्हणाला. "चारशेच्या वर आहेत. तुमच्यापासून सुरुवात करतो."

"माझंही तुम्हीच ऐकत होता?"

"अठरा महिने. मी आणि आणखी एक जण, पाळीपाळीने." तो उभाच होता. "तुमच्या आईंचा इस्पितळातून शेवटचा फोन आला, तो माझ्या पाळीत. तुम्ही गाडीत होता, फोन मधेच तुटत होता. तुम्ही 'काय? काय म्हणालीस?' असं विचारत होता. मला मात्र स्वच्छ ऐकू येत होतं. मी उतरवून काढलं आणि पुढे 'निरुपयोगी' असा शेरा लिहिला. तसाच नियम होता."

त्या दिवशी ओलिंग वीस मिनिटं उशिरा पोचली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आई शेवटी काय म्हणाली ते कळलं नाही, हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

"काय म्हणाली ती?" तिने विचारलं.

"म्हणाल्या, 'घाई करू नकोस, इंदाय. गाडी हळू येऊ दे. मी आहे इथेच.'"

ओलिंगने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"हे तुम्हाला माहीत असायला नको होतं," ती म्हणाली.

"नको होतं."

"बसा." तिने शेजारची खुर्ची ओढली. तो बसला, तेव्हा तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "पुन्हा एकदा सांगा. ती म्हणाली तसंच."